पोळ्याच्या झडत्या आणि तीन भावांचा बँड

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की काटोल, नरखेड ही स्टेशनं मागं पडतात आणि कुणाला काही कळायच्या आत महाराष्ट्र संपतो. पुढचं मोठं स्टेशन पांढुर्णा. राज्य बदललं म्हणून खिडकीबाहेर काही बदलत नाही. तीच काळी जमीन, तेच कापसाचे आणि तुरीचे पट्टे, त्याच संत्र्याच्या बागा. आपल्याकडं कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्यांची लिपीच बदलते. तिथं हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत, त्यामुळं एखादी पाटी नेमकी कुठल्या भाषेतली हे क्रियापद दिसेपर्यंत समजत नाही. पाट्यांवरून भांडणं पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना याचा थोडा हेवाच वाटतो.

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके मराठी बोलणाऱ्यांचे. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, तोवर इथल्या माणसाला आपण कुठल्या बाजूचे हा प्रश्न पडत नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच तारखेला आपल्या भागाचं काय झालं ते या पानाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. २०२३ साली हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला.

माझी मावसबहीण सौंसरला दिलेली आहे. नागपूरला नोकरीला होती, तिथंच जमलं. तिच्या सासरी कन्नड कुणालाच येत नाही. त्यामुळं मला पाहिल्यावर ताई पहिला अर्धा तास कन्नडातच बोलली, आणि सासूबाई कौतुकानं आमच्या तोंडाकडं बघत बसल्या. आपण ‘काय करालास’ म्हणतो, त्या ‘काय करून राहिली’ म्हणतात. दोन दिवसांत माझा मुलगाही ‘जेवून राहिलो’ म्हणायला लागला. तो हुबळीला शिकतो, कानात सदा ते बोंडूक घातलेलं. ते नसतं तर हा लेख झाला नसता.

आम्ही गेलो ते पोळ्याला. ताईच्या चुलतसासऱ्यांचं घर सावरगावात आहे. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते, आणि सावरगावचं नाव बाहेरच्यांना माहीत असतं ते गोटमारीमुळं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर सावरगावचे, दुसऱ्या काठावर पांढुर्ण्याचे. झेंडा मिळवण्यासाठी दिवसभर दोन्हीकडून दगडांचा मारा चालतो. पांढुर्ण्याच्या मुलानं सावरगावची मुलगी पळवून नेली, नदीत दोघांना गाठलं, अशी त्यामागची कथा सांगतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात, काही दगावलीही आहेत. जमावबंदीचे हुकूम निघतात, तरी दगड थांबत नाहीत. वर्तमानपत्रं आणि कॅमेरे त्या दिवशी येतात. आदल्या दिवशी, म्हणजे पोळ्याला, सावरगावात काय होतं ते बघायला कुणी येत नाही. मला मात्र पोळाच बघायचा होता.

आपला बेंदूर वेगळा. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला, म्हणजे कार हुण्णिमेला. महाराष्ट्री बेंदूर आषाढात. पुढं मण्णेत्तिन अमावास्येला आपण मातीचे बैल पुजतो. विदर्भातला पोळा श्रावणी अमावास्येला येतो, आणि तिथली पोरं दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल ओढतात. पण आपल्या बेंदरात नसलेली एक गोष्ट पोळ्यात आहे. ती म्हणजे झडत्या.

दुपार कलल्यावर बैल आखरावर जमले. अंगावर झुली, शिंगांना बेगड, वर आंब्याच्या पानांचं तोरण. तोरणाखाली बैलांच्या रांगा लागल्या आणि एका बाजूनं एकजण ओरडला. गाणं म्हणावं तर चाल नाही, भाषण म्हणावं तर यमक आहे. चार-सहा ओळी एका दमात, घशाच्या शिरा ताणून. शेवटी महादेवाचा गजर, त्यात सगळा गाव. तो विरतो न विरतो तोच समोरून दुसऱ्यानं उत्तर दिलं. सावकाराला टोमणा, निवडणुकीपुरतं तोंड दाखवणाऱ्या पुढाऱ्याला टोमणा, संत्र्याच्या भावावर, रात्री येणाऱ्या विजेवर, शेजाऱ्याच्या मोडक्या बैलगाडीवर. मधेच एखादी सणसणीत शिवी. ज्याला टोमणा बसला तोही हसत होता. वर्षभर ज्याच्यासमोर मान वर करता येत नाही त्याच्याबद्दल त्या तासाभरात बोलायची मुभा असते, असं दिसलं.

कानातली बोंडकं काढून मुलगा बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, “आई, हे तर पंक आहे.”

पंक म्हणजे काय ते मला त्या रात्री सावरगावच्या ओट्यावर समजलं. १९७६-७७च्या सुमाराला न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये रॉक संगीताची ही नवी तऱ्हा पुढं आली. न्यूयॉर्कच्या रामोन्सची पहिली लांब तबकडी १९७६ची, लंडनच्या सेक्स पिस्टल्सचा गाजावाजा त्याच वर्षापासूनचा. मोठे वादक, मोठे स्टुडिओ, वीस मिनिटांची गाणी या सगळ्याला कंटाळलेली पोरं. दोन-तीन मिनिटांचं गाणं, गिटारचे मोजके सूर, वेग भरमसाट, आणि राज्यकर्त्यांपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांवर राग. गाता यायलाच पाहिजे अशी अट नाही. सांगायचं असलं पाहिजे.

मग त्यानं एका बँडची गोष्ट सांगितली. बँडचं नाव ‘डेथ’, म्हणजे मृत्यू. भर पोळ्याला हे नाव निघालं म्हणून ताईनं डोळे मोठे केले.

अमेरिकेतलं डेट्रॉईट हे मोटारींच्या कारखान्यांचं शहर. तिथल्या एका कृष्णवर्णीय घरातले तीन भाऊ, डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी. डेव्हिड गिटारवर, बॉबी गायला आणि बास गिटारला, डॅनिस ड्रमवर. सराव घरातच. डेट्रॉईट ही मोटाऊन कंपनीची पेठ. कृष्णवर्णीय मुलांनी मोटाऊनसारखं गोड, नाचतं संगीत करावं अशी सगळ्यांची अपेक्षा. यांनी सुरुवात तशीच केली होती, पण मग रॉककडं वळले आणि सुसाट वाजवायला लागले. ‘हे गोऱ्यांचं संगीत तुम्ही कशाला वाजवता,’ हा प्रश्न त्यांना आपल्याच गल्लीत ऐकावा लागला. दरम्यान वडील अपघातात गेले. मृत्यूकडं भीतीनं न बघता वेगळ्या नजरेनं बघायचं, असं डेव्हिडनं ठरवलं आणि बँडला ते नाव दिलं.

१९७५ साली डेट्रॉईटच्या युनायटेड साउंड स्टुडिओत त्यांनी सात गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातलं एक पुढाऱ्यांच्या ढोंगावरचं. (त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडं आणीबाणी लागली होती.) रामोन्स आणि सेक्स पिस्टल्स यांच्या तबकड्या अजून यायच्या होत्या. रेकॉर्डच्या धंद्यातलं बडं प्रस्थ असलेल्या क्लाइव्ह डेव्हिस यांना गाणी आवडली. अट एकच, नाव बदला. डेव्हिडनं नकार दिला. भाऊ त्याच्या मागं उभे राहिले. करार बारगळला. १९७६ साली त्यांनी पदरमोड करून दोन गाण्यांची छोटी तबकडी काढली, प्रती फक्त ५००. रेडिओवाल्यांनी ती फारशी वाजवली नाही.

१९७७ साली तिघे भाऊ व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन गावी गेले. काही वर्षांनी डेव्हिड एकटाच डेट्रॉईटला परतला. मागं राहिलेल्या दोघांनी रेगे वाजवणारा दुसरा बँड काढला, संसार केले, मुलं वाढवली. मूळ टेपा बॉबीच्या घरी पोटमाळ्यावर गेल्या. जग एक दिवस या टेपा शोधत येईल, तेव्हा त्या नीट ठेव, असं डेव्हिडनं भावाला बजावलं होतं. २००० साली तो फुप्फुसाच्या कर्करोगानं वारला. कुणी शोधत आलेलं नव्हतं.

मधल्या काळात ती ५०० प्रतींची तबकडी जुन्या रेकॉर्डी जमवणाऱ्यांच्या हाती पडली होती आणि शेकडो डॉलरना विकली जात होती. २००८च्या सुमाराला बॉबीच्या मुलाच्या कानावर कॅलिफोर्नियात ते गाणं आलं. गाणं अनोळखी, आवाज मात्र बापाचा. वडिलांनी घरात याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. मग पोटमाळ्यावरच्या टेपा खाली आल्या. २००९ साली शिकागोच्या ड्रॅग सिटी कंपनीनं ती सातही गाणी प्रसिद्ध केली, ध्वनिमुद्रणानंतर तब्बल ३४ वर्षांनी. २०१२ साली त्यांच्यावर माहितीपट आला. पंकचा इतिहास लिहिणाऱ्यांना सुरुवातीच्या पानांवर हे नाव घालावं लागलं. मुलांनीही आपला बँड काढून वडिलांची गाणी वाजवली.

गोष्ट संपल्यावर ताईचे चुलतसासरे, त्यांना सगळे काकाजी म्हणतात, बराच वेळ सुपारी कातरत बसले. वय ऐंशीच्या घरात. एके काळी सावरगावच्या बाजूनं झडत्या म्हणण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता, असं त्यांचे पुतणे सांगतात. यंदा मात्र ते तोरणाखाली गप्प उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, “नाव बदललं नाही म्हन्ता त्यानं?”

नाही, म्हटलं.

मग त्यांनी आपलं सांगितलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका शाळेनं त्यांना कार्यक्रमात झडत्या म्हणायला बोलावलं होतं. पाहुणे येणार, तेव्हा शिव्या आणि पुढाऱ्यांवरचे टोमणे वगळून, जरा साफ करून म्हणा, असा निरोप आला. काकाजी गेले नाहीत. “शिवी काहाडली तं झडतीत रायते का?” त्यांच्या जागी कुणीतरी बैलाच्या उपकारांवरची कविता म्हटली. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही.

त्यांच्या वडिलांची झडत्यांची एक वही होती. ती वाळवीनं खाल्ली. स्वतः त्यांनी काही उतरवलं नाही. मुलानं मोबाइल पुढं केला तर म्हणाले, “समोर कोनी नाही, एकट्यानं का म्हनू?” हा हट्ट नव्हता. झडती हे उत्तर असतं. समोरच्यानं डिवचल्याशिवाय ती आठवतच नाही. त्यांना डिवचणारा नदीपलीकडचा जोडीदार काही वर्षांपूर्वी वारला. आता गावात ट्रॅक्टर आले, बैल थोडे उरले, आणि आखरावर मोठ्या भोंग्यांवर सिनेमाची गाणी लागतात. दोन झडत्यांच्या मधल्या शांततेत पूर्वी माणसं विचार करायची, आता त्या जागी गाणं वाजतं.

आपल्याकडं असा बँड होता का, हे मी मुलाला विचारलं. अगदी पंक नव्हे, पण आहे, म्हणाला. १९७०च्या दशकातली मुंबई. ॲटॉमिक फॉरेस्ट नावाचा बँड, कीथ कांगा यांनी उभा केलेला. हॉटेलांत, कॉलेजांत जोरदार विजेच्या गिटारी वाजवायचा. त्यांची एकच लांब तबकडी, ‘ऑब्सेशन ७७’, बाजारात आली १९८१ साली. तोवर बँड विस्कटला होता आणि ऐकणारेही पांगले होते. पुढं परदेशातले संग्राहक त्या तबकडीसाठी वाटेल ती किंमत मोजायला लागले, आणि २०११ साली अमेरिकेतल्या नाऊ-अगेन या कंपनीनं ते संगीत पुन्हा काढलं. मुंबईत तयार झालेली वस्तू मोलाची आहे हे आपल्याला अमेरिकेतून कळलं.

या गर्दीत एक आपला माणूसही होता. बँडचे गायक मधुकर चंद्रा धस यांनी अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये येशूचं काम केलं, आणि त्याच नाटकात जुडास झाले होते नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे या रंगभूमीवरच्या जोडप्याचा हा मुलगा सॅव्हेजेस, व्हेल्व्हेट फॉग अशा बँडमधून रॉक गात होता. १९७८ साली पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ आलं, त्यात त्यांनी मराठी रंगमंचावर तो आवाज आणला. ‘डिस्को डान्सर’मधला त्यांचा आवाज तर आपण सगळ्यांनी ऐकलाय, फक्त तो कुणाचा हे माहीत नसतं. २०१४ साली ते गेले. मराठी घरांतून नाट्यसंगीताच्या कॅसेटी जपल्या गेल्या, या इंग्रजी गोंगाटाच्या फारशा कुणी जपल्या नाहीत. आपलं म्हणून जे आधीच ठरलेलं असतं तेवढंच आपण कपाटात ठेवतो.

रात्री भाकरी आवरून झाल्या. स्वयंपाकघरात ताई, मी आणि काकू अशा तिघीच होतो. पोळ्याच्या झडत्या पुरुषांच्या. बायका ओट्यावरून ऐकतात. काकू भांडी पालथी घालत होत्या. बाहेर काकाजींचं ‘आठवत नाही’ चालू होतं ते ऐकून त्या हसल्या, आणि हळू आवाजात, भिंतीकडं तोंड करून, एक झडती म्हणाल्या. मग दुसरी. मग म्हणाल्या, ही यांची, आणि याच्यावर पांढुर्ण्याच्या अमक्यानं असं उत्तर दिलं होतं. दोन्ही बाजू त्यांना पाठ. शिवीची जागा आली की पदर तोंडाला लावून त्या तेवढा शब्द गिळायच्या आणि ताई हसत सुटायची. मी विचारलं, तुम्हाला कशा येतात? “पन्नास वरसं याच वट्यावर उभी राहून आयकलं. मले नाही येनार तं कोनाले येईन?”

मुलगा मोबाइल घेऊन उंबऱ्यात येऊन बसला. रात्री अकरापर्यंत एकवीस झडत्या झाल्या. तेराव्या-चौदाव्या झडतीला काकाजी दारात आले. काकूंनी पांढुर्ण्याच्या माणसाचं उत्तर म्हटलं, आणि त्यावरचं त्यांचं प्रत्युत्तर त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, शिवीसकट. समोरचा मिळाला होता. त्यानंतर दोघं आळीपाळीनं म्हणत राहिले.

बॉबी हॅकनीनं टेपा ठेवल्या. काकूंनी डोक्यात ठेवल्या. हट्टानं नाव न बदलणारा माणूस लागतो, खरं आहे. नाहीतर जपण्यासारखं काही उरतच नाही. पण तेवढ्यानं भागत नाही. त्याच्या मागं आणखी कुणीतरी लागतं, ज्याला टाळ्या मिळत नाहीत आणि जो नुसता टाकून देत नाही. डेट्रॉईटची गोष्ट बहुतेक वेळा डेव्हिडच्या बाणेदारपणाची म्हणून सांगतात. मला ती बॉबीच्या पोटमाळ्याची जास्त वाटते.

परतीच्या गाडीत मला कुमार गंधर्व आठवले. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले शिवपुत्र कोमकली, घरची भाषा कन्नड. १९४८च्या सुमाराला क्षयाच्या आजारात ते हवापालटासाठी मध्य भारतात देवासला गेले. वर्षानुवर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, त्या धुना गोळा केल्या आणि त्यांतून नवे राग बांधले. घरातल्या बायका रोज म्हणतात ते ऐकण्यासारखं आहे, हे एका सीमाभागातल्या माणसानं परमुलखात ओळखलं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांसाठी तेच केलं. लाखाहून अधिक ओव्या त्यांनी गोळा केल्या, आणि त्या म्हणणाऱ्या बायकांची नावंही सोबत लिहिली.

आपल्या भागात तर दोन भाषांचा माल आहे. मळणीच्या खळ्यावरची हंती पदं, जात्यावरची बीसुव पदं आणि ओव्या, गीगी पदं, कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब, जे कन्नडात हरदेशी-नागेशी म्हणून ओळखले जातात. कित्येक घरांत आजी मराठी ओवी सुरू करते आणि कन्नड पदावर संपवते. अशी गाणी कुठल्याच एका भाषेच्या संग्रहात बसत नाहीत, म्हणून दोन्हीकडचे ती सोडून देतात. ती घरातच जपावी लागतील.

सावरगावच्या अनुभवावरून तीन गोष्टी सांगते. एक, एकट्या माणसासमोर मोबाइल धरून ‘म्हणा’ म्हणू नका. समोर उत्तर देणारं कुणीतरी बसवा. दोन, ज्यानं म्हटलं म्हणून गावात प्रसिद्धी आहे त्याच्याआधी, ज्यानं बाजूला उभं राहून ऐकलं त्याला विचारा. आणि तीन, शिव्या गाळू नका. काकूंनी गिळलेले शब्द काकाजींनी भरून दिले म्हणून त्या झडत्या पुऱ्या झाल्या.

मुलानं ते ध्वनिमुद्रण तीन ठिकाणी ठेवलंय. एक प्रत ताईकडं, एक आमच्याकडं, आणि एक पांढुर्ण्याला, काकाजींच्या त्या वारलेल्या जोडीदाराच्या नातवाकडं. त्याच्या आजोबांची नऊ उत्तरं त्यात आहेत.